कुबडीला जोडलेली स्की : पॅरा-आल्पाइन स्पर्धांचा इतिहास आणि स्वीडन

पॅरा-आल्पाइन स्कीइंग म्हणजे दिव्यांग खेळाडूंची बर्फाच्छादित डोंगरउतारावरची, घड्याळाशी लावलेली शर्यत. उतारावर ठरावीक अंतराने दांड्या रोवून फाटके केलेली असतात. प्रत्येक फाटकातून गेलेच पाहिजे, एक जरी चुकले तरी खेळाडू बाद होतो. स्लालममध्ये फाटके अगदी जवळजवळ असतात, जायंट स्लालममध्ये ती थोडी लांब जातात, सुपर-जीमध्ये आणखी लांब. डाउनहिलमध्ये वेगालाच सर्वाधिक महत्त्व असते. तिथे निष्णात खेळाडू ताशी 100 किलोमीटरचा टप्पा ओलांडतात. सुपर-जी आणि स्लालम यांच्या वेळा एकत्र करून सुपर कम्बाइन्ड हा पाचवा प्रकार होतो. उभे राहून, बसून आणि दृष्टिबाधित अशा तीन गटांत आज या स्पर्धा होतात. या खेळाचा पहिला पॅरालिम्पिक सोहळा 1976 मध्ये स्वीडनमध्ये भरला. 46 वर्षांनी एब्बा ओर्शो या स्वीडिश तरुणीने बीजिंगमध्ये याच खेळात दोन सुवर्णपदके जिंकली. या दोन घटनांच्या मधल्या काळात दोन प्रश्न सातत्याने सोडवले गेले. निसर्गाने किंवा अपघाताने हिरावलेले शरीराचे काम कोणत्या साधनाने भरून काढायचे, हा पहिला. वेगवेगळ्या शरीरांची शर्यत न्याय्य कशी करायची, हा दुसरा.

या खेळाची सुरुवात युद्धातून झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रियातील हजारो तरुण सैनिकांनी हातपाय गमावले. त्यांतले बरेच जण आल्प्सच्या कुशीतल्या गावांचे होते. लहानपणापासून त्यांच्या पायांना स्कीची सवय होती आणि हिवाळ्यात गावाचे जगणेच बर्फावर चालायचे. एक पाय गेला म्हणून उतार कायमचा सोडून द्यायचा, हे त्यांना पटणारे नव्हते. युद्धात एक पाय गमावलेल्या फ्रान्झ वेंडेल या जर्मन स्कीपटूने 1942 च्या सुमारास दोन कुबड्यांच्या टोकांना आखूड स्की जोडल्या. शाबूत पायाखाली एक पूर्ण लांबीची स्की आणि दोन्ही हातांत या स्कीच्या कुबड्या, अशी ही रचना होती. साधे स्कीचे दांडके बर्फात टोचले जाते, त्यावर शरीराचा भार तोलता येत नाही. कुबडीखालची छोटी स्की मात्र बर्फावरून सोबत घसरत राहते. त्यामुळे वळताना तिच्यावर अंग रेलता येते आणि दुसऱ्या पायाची उणीव बरीच भरून निघते. या पद्धतीने उतरणाऱ्याच्या मागे बर्फावर तीन समांतर रेषा उमटतात, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तिला ‘थ्री-ट्रॅक’ असे नाव पडले.

या कुबडीला आज ‘आउटरिगर’ म्हणतात. तिची घडण पाहिली म्हणजे साध्या कल्पनेत किती विचार मुरला आहे ते कळते. वर कोपराखाली हाताला पकडणारा कडीसारखा आधार आणि मुठीसाठी दांडा असतो. खाली बिजागरीवर बसवलेली, साधारण हातभर लांबीची स्की असते. स्कीच्या मागच्या टोकाला दातेरी नखे असतात, टाच दाबली की ती बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. काही आउटरिगरमध्ये मुठीजवळ एक दोरी असते. ती ओढली की स्की उभी वळते आणि नखे जमिनीला टेकतात, म्हणजे तीच वस्तू चालण्याची कुबडी होते. उतार संपल्यावर लिफ्टपर्यंत जायला खेळाडूला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही.

ऑस्ट्रियात या चळवळीला आकार दिला सेप त्स्विकनागल यांनी. हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. कृत्रिम पायांवर ते पुन्हा स्की करायला शिकले आणि किट्सब्युहेलमध्ये स्कीचे शिक्षक झाले. ऑस्ट्रियाच्या स्की महासंघात दिव्यांग स्कीपटूंसाठी स्वतंत्र विभाग सुरू होण्यामागे त्यांचाच पुढाकार होता. 1948 मध्ये ऑस्ट्रियातील बादगास्टाइन येथे 17 खेळाडूंची स्पर्धा झाली. दिव्यांगांच्या स्कीइंगची ही पहिली नोंदलेली स्पर्धा मानली जाते. योगायोग असा की त्याच वर्षी 29 जुलैला इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या 16 माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. उन्हाळी पॅरालिम्पिकचा उगम त्या स्पर्धेत आहे. मात्र पुढे जवळजवळ तीन दशके हे दोन प्रवाह वेगवेगळेच वाहत राहिले.

गुटमन यांच्या चळवळीच्या केंद्रस्थानी चाकाची खुर्ची होती. 1960 मध्ये रोमला भरलेल्या पहिल्या पॅरालिम्पिकपासून 1972 च्या हायडेलबर्गपर्यंत पदके मणक्याच्या इजेने खुर्चीला खिळलेल्या खेळाडूंसाठीच होती. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले ते याच हायडेलबर्गला, जलतरणात. तेही 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक होते. बर्फावरची परिस्थिती नेमकी उलटी होती. तिथे हातपाय गमावलेले खेळाडू आधी पोहोचले. मणक्याची इजा झालेल्या माणसाला बर्फावरून उतरण्याचे साधनच तोवर कोणाकडे नव्हते.

1950 आणि 1960 च्या दशकांत हा खेळ आल्प्समधून बाहेर पडला. अमेरिकेत कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे हॅल ओलेरी यांनी 1970 मध्ये डेन्व्हरच्या बालरुग्णालयातील अंगविच्छेद झालेल्या 23 मुलांना स्की शिकवायला सुरुवात केली. पुढे त्याच वर्गातून या क्षेत्रातील एक मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ज्या खेळाची ओळख सैनिकांच्या पुनर्वसनाचा भाग एवढीच होती, तो मुलांचा आणि नागरिकांचाही झाला. दिव्यांग स्कीपटूंची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा 1974 मध्ये फ्रान्समधील ल ग्रां-बोर्नां येथे झाली. तिच्यात आल्पाइन आणि क्रॉस-कंट्री असे दोन्ही प्रकार होते. आता प्रश्न उरला होता तो पॅरालिम्पिक दर्जाच्या सोहळ्याचा. त्याचे यजमानपद स्वीडनने घेतले.

स्वीडनमध्ये स्की ही मुळात वाहतुकीची वस्तू होती. लांब हिवाळ्यात एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाण्याचे ते साधन, म्हणून तिथे क्रॉस-कंट्रीची परंपरा अधिक जुनी आहे. आल्पाइन प्रकार डोंगराळ भागात नंतर रुजला. ओरे या गावी 1954 मध्ये आल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. 1976 साली तर देशात या खेळाची लाट होती, कारण तार्नाबी या उत्तरेकडील छोट्या गावचा इंगेमार स्टेनमार्क त्या हिवाळ्यात पहिल्यांदा विश्वचषकाचा सर्वंकष विजेता ठरला. त्याच फेब्रुवारीत इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने जायंट स्लालमचे कांस्यपदक मिळवले होते. दिव्यांग क्रीडेची स्वतंत्र राष्ट्रीय संघटनाही स्वीडनमध्ये 1969 पासून काम करत होती. बर्फ, खेळाची आवड आणि संघटन या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या.

पहिले हिवाळी पॅरालिम्पिक 21 ते 28 फेब्रुवारी 1976 या काळात ओर्नशोल्ड्सविक येथे भरले. बोथनियाच्या आखातावरचे हे शहर स्वीडनच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. त्याच्या भोवतालच्या उंच किनारपट्टीला स्वीडिश लोक ‘हॉगा कुस्टेन’ म्हणजे उंच किनारा म्हणतात. या सोहळ्यात 16 देश सहभागी झाले. खेळाडू दोन प्रकारचे होते, अंगविच्छेद झालेले आणि दृष्टिबाधित. आल्पाइनमध्ये स्लालम, जायंट स्लालम आणि दोन्हींची एकत्रित स्पर्धा होती. नॉर्डिक विभागात क्रॉस-कंट्रीच्या शर्यती होत्या. बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत प्रात्यक्षिकापुरती ठेवली होती. पदकतालिकेत पश्चिम जर्मनी पहिला आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरोंटोच्या उन्हाळी पॅरालिम्पिकमध्ये अंगविच्छेद झालेल्या आणि दृष्टिबाधित खेळाडूंना पहिल्यांदा प्रवेश मिळाला. त्यामुळे 1976 हे वर्ष एकूण पॅरालिम्पिक चळवळीच्याच दृष्टीने वळणाचे ठरले. या चळवळीचे दार फक्त चाकाच्या खुर्चीच्या मापाचे राहिले नाही.

ओर्नशोल्ड्सविकने एक गोष्ट सिद्ध केली. दिव्यांगांच्या हिवाळी खेळांना स्वतःचे आंतरराष्ट्रीय व्यासपीठ मिळू शकते आणि ते टिकू शकते, हे तिथे दिसले. पुढचा सोहळा 1980 मध्ये शेजारच्या नॉर्वेत गेइलो येथे झाला. तिथे शारीरिक हालचालींच्या इतर अडचणी असलेल्या खेळाडूंनाही प्रवेश मिळाला आणि घसरगाडीच्या शर्यतीला पदकांचा दर्जा आला. 1984 आणि 1988 चे दोन्ही सोहळे ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला झाले. दिव्यांग स्कीपटूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1986 मध्ये पुन्हा स्वीडनला आली, या वेळी दालार्ना प्रांतातील सेलेन येथे.

1980 च्या दशकात साधनांच्या बाबतीत सर्वांत मोठी उडी पडली. पाय अजिबात वापरता न येणाऱ्यांसाठी आधी तळाला घसरपट्टी असलेल्या होडीच्या आकाराच्या घसरगाड्या निघाल्या. त्यांत बसून उतरता येई, पण धारदार वळण घेणे अवघड होते. मग मोनोस्की आली. तिच्यात शरीराच्या मापाने घडवलेली खोलगट खुर्ची असते. खुर्चीखाली मोटारसायकलसारखा धक्का शोषणारा शॉक अब्सॉर्बर आणि त्याखाली नेहमीच्या लांबीची एकच स्की असते. खेळाडूला पट्ट्यांनी खुर्चीत घट्ट आवळून बांधलेले असते. कारण खुर्ची आणि कंबर यांच्यात थोडीशी जरी फट राहिली तरी अंगाचा कल स्कीपर्यंत उशिरा पोहोचतो आणि वळण हुकते. हातांत आखूड आउटरिगर असतात. ज्याच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू काम करतात तो धडाच्या झुकावाने स्कीची कड बर्फात रुतवतो. ज्याला तेवढेही बळ नाही त्याला खांदे आणि हात यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. 1984 मध्ये प्रात्यक्षिक म्हणून दिसलेला हा बसून स्की करण्याचा प्रकार 1988 मध्ये पदकांच्या स्पर्धेत आला. अमेरिकेच्या सेरा विलने पुढे मोनोस्कीवर 12 पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकली.

दृष्टिबाधित खेळाडूंचा प्रश्न वेगळा होता. त्यांचे शरीर धडधाकट असते, पण फाटक कुठे आहे ते दिसत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे पुढे स्की करणारा मार्गदर्शक. तो वळण, चढउतार आणि बर्फाची जात आवाजाने सांगत जातो. पूर्वी मार्गदर्शकाच्या पाठीला लाउडस्पीकर बांधत, आता दोघांच्या शिरस्त्राणांत बिनतारी यंत्रे असतात. दोघांतले अंतर वाढले तर सूचना उशिरा मिळते आणि कमी झाले तर टक्कर होते, म्हणून वर्षानुवर्षे एकत्र सराव केलेल्या जोड्याच जिंकतात. सर्वांत कमी दृष्टी असलेल्या गटात सर्वांना काळी केलेली चष्मापट्टी घालावी लागते, म्हणजे किंचित उजेड दिसणाऱ्याला जादा फायदा होत नाही. पदक मार्गदर्शकालाही मिळते.

याच काळात मुख्य प्रवाहातील स्कीइंगशी नाते जोडण्याचे प्रयत्न झाले. 1984 च्या सारायेव्हो हिवाळी ऑलिंपिकमध्ये दिव्यांगांची जायंट स्लालम प्रात्यक्षिक म्हणून झाली. 1988 मध्ये कॅलगरीतही तेच झाले आणि तिथे महिलांमध्ये अमेरिकेची डायना गोल्डन पहिली आली. कर्करोगामुळे वयाच्या 12 व्या वर्षी तिचा एक पाय कापावा लागला होता. तिची आणखी मोठी कामगिरी नियमांच्या पुस्तकात आहे. स्की स्पर्धेत जसजसे खेळाडू उतरतात तसतसा मार्ग खणला जातो, त्यात खोल चर पडतात आणि शेवटी उतरणाऱ्याला खराब बर्फ मिळतो. दिव्यांग खेळाडूला नेहमीच शेवटी सोडत असत. गोल्डनच्या आग्रहामुळे अमेरिकी स्की संघटनेने 1985 मध्ये नियम केला की खुल्या स्पर्धांमध्ये पहिल्या 15 खेळाडूंनंतर अव्वल दिव्यांग खेळाडूंसाठी जागा राखून ठेवाव्यात. तिला मेहेरबानी नको होती. बर्फ सर्वांना सारखा मिळावा, एवढेच तिचे मागणे होते.

1989 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीची स्थापना झाली आणि वेगवेगळ्या अपंगत्वांच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना एका छताखाली आल्या. 1992 मध्ये फ्रान्समधील तीन्य-आल्बेरव्हिल येथे हिवाळी पॅरालिम्पिक पहिल्यांदाच हिवाळी ऑलिंपिकच्या परिसरात भरले. ऑलिंपिकचे चक्र बदलल्यामुळे पुढचा सोहळा दोनच वर्षांनी, 1994 मध्ये, लिलेहामरला झाला. त्यानंतर नागानो, सॉल्ट लेक सिटी, तोरिनो, व्हॅंकुव्हर, सोची, प्योंगचांग आणि बीजिंग असा हा मांडव हलत गेला. ऑलिंपिकचे यजमानपद घेणाऱ्या शहराने पॅरालिम्पिकही भरवायचे, ही व्यवस्था 2001 च्या कराराने पक्की झाली.

या काळात जर्मनीच्या दोन खेळाडूंनी विक्रमांची उंची ठरवली. राइनहिल्ड म्योलरने लहानपणी शेतावरील अपघातात एका पायाचा काही भाग गमावला होता. तिने हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये 19 सुवर्णपदके मिळवली, त्यांतली 16 आल्पाइनमधली. गेर्ड श्योनफेल्डरचा उजवा हात 1989 मध्ये रेल्वे अपघातात गेला आणि डाव्या हाताचीही बहुतेक बोटे गेली. दांडके न घेता केवळ अंगाच्या तोलावर उतरणाऱ्या या खेळाडूने 1992 ते 2010 या काळात 16 सुवर्णांसह 22 पदके जिंकली.

पदके वाढत गेली तशी न्यायाची अडचणही वाढली. खेळाडूंचे वर्गीकरण अपंगत्वानुसार होते. एलडब्ल्यू 1 ते 9 हे उभे राहणाऱ्यांचे वर्ग आहेत. दोन्ही पायांना गंभीर बाधा, एका पायावर आउटरिगरसह, गुडघ्याखाली एका पायाला बाधा पण दोन स्कीवर, दोन्ही हातांत दांडके नाही, एकाच हातात दांडके, अशी त्यांची विभागणी आहे. एलडब्ल्यू 10 ते 12 बसणाऱ्यांचे आणि आणखी काही वर्ग दृष्टिबाधितांचे. सुरुवातीला प्रत्येक वर्गाला स्वतंत्र पदके मिळत. कधी एखाद्या वर्गात जेमतेम तीन-चार खेळाडू असत आणि उतरणाऱ्या बहुतेकांच्या गळ्यात पदक पडे. जिंकणाऱ्याला त्याचा आनंद कमी नव्हता, पण पाहणाऱ्याला स्पर्धेचा अर्थ लागत नव्हता.

2006 च्या तोरिनो पॅरालिम्पिकपासून आल्पाइनमध्ये तीनच गट ठेवून गुणकाची पद्धत लागू झाली. ती अशी चालते. प्रत्येक वर्गाला, प्रत्येक प्रकारासाठी, आधीच्या निकालांवरून काढलेला एक गुणक दिलेला असतो. खेळाडूची प्रत्यक्ष वेळ त्या गुणकाने गुणली की अधिकृत वेळ मिळते. समजा, एकाच गटातील दोघींपैकी एकीचा गुणक 1 आणि दुसरीचा 0.9 आहे. पहिली 56 सेकंदांत आणि दुसरी 60 सेकंदांत उतरली, तर पहिलीची वेळ 56 राहते आणि दुसरीची 54 होते. म्हणजे प्रत्यक्षात चार सेकंद मागे असलेली दुसरी जिंकते. चार प्रकार, तीन गट, स्त्री-पुरुष मिळून तोरिनोत आल्पाइनची 24 सुवर्णपदके होती. संपूर्ण हिवाळी पॅरालिम्पिकमधील क्रीडाप्रकारांची संख्या सॉल्ट लेक सिटीतील 92 वरून तोरिनोत 58 वर आली. गुणकांवर वाद होतात, ते वेळोवेळी बदलावेही लागतात. तरीही या पद्धतीने पदकाला खरी किंमत आली, कारण आता एका पदकासाठी मोठ्या संख्येने खेळाडू झगडतात.

एब्बा ओर्शोची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली. 16 जानेवारी 2001 रोजी जन्मलेल्या या खेळाडूला क्लिपेल-त्रेनोने ही जन्मजात व्याधी आहे. या व्याधीत रक्तवाहिन्यांची, मऊ ऊतींची आणि हाडांची वाढ बिघडते. ओर्शोच्या एका पायात त्यामुळे ताकद कमी आहे. ती दोन स्कीवर, उभे राहणाऱ्यांच्या एलडब्ल्यू 4 वर्गात उतरते. एक वळण भक्कम पायावर आणि लगेच पुढचे कमकुवत पायावर घ्यावे लागणे, ही या वर्गाची खरी कसोटी असते. स्लालममध्ये ती दर सेकंदाला समोर येते.

जानेवारी 2022 मध्ये लिलेहामर येथे पॅरा हिमक्रीडांची पहिली संयुक्त जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे ओर्शोने जगज्जेतेपद मिळवले. दोन महिन्यांनी, 21 व्या वर्षी, ती बीजिंग पॅरालिम्पिकला गेली. आल्पाइन शर्यती शहराच्या वायव्येला यानछिंगच्या डोंगरात, जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर होत्या. 5 मार्चला डाउनहिलमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. कॅनडाची मॉली जेप्सन पहिली आणि यजमान चीनची झांग मेंगछ्यू दुसरी आली. दोन दिवसांनी सुपर कम्बाइन्डमध्ये ओर्शोने झांगला मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात स्लालमचे सुवर्णही तिचेच झाले, आणि तिथेही झांग दुसरी होती. स्वीडनने त्या सोहळ्यात दोनच सुवर्णपदके जिंकली आणि ती दोन्ही ओर्शोची होती.

तिच्या या तीन पदकांमध्ये खेळाचा सगळा विस्तार दिसतो. डाउनहिल वेगाचे, स्लालम कौशल्याचे आणि सुपर कम्बाइन्ड दोन्हींचे. एकाच खेळाडूने तिन्हींत पदक मिळवणे सक्षम स्कीपटूंमध्येही दुर्मीळ मानले जाते. ती ज्या गटात जिंकली त्यात एका हाताच्या, एका पायाच्या आणि दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या खेळाडू एकाच यादीत होत्या. ओर्नशोल्ड्सविकच्या काळात त्यांची पदके वेगवेगळी असती.

ओर्नशोल्ड्सविकनंतर बरोबर 50 वर्षांनी, 2026 च्या हिवाळी पॅरालिम्पिकसाठी मिलानो आणि कोर्तिना या इटलीतील ठिकाणांची निवड झाली आणि आल्पाइन शर्यतींसाठी कोर्तिनाचा उतार ठरला. 1948 मध्ये बादगास्टाइनला जमलेल्या 17 जणांना पुन्हा स्की करायची होती. आज त्यांचे वारस जिंकण्यासाठी उतरतात. ज्या खेळाला आधी दया आणि मग कौतुक मिळाले, त्याला आता घड्याळाने मोजता येईल असा दर्जा मिळाला आहे, आणि तो साधने घडवणाऱ्यांनी, नियम करणाऱ्यांनी आणि खेळाडूंनी मिळून कमावलेला आहे.